गिअरची गाडी

सिग्नल लाल झाला तसा त्याने क्लच दाबला, ब्रेक लावला आणि डावा पाय खाली टेकवला. म्हणजे टेकवायला गेला. बुटाचे टोक गिअरच्या दांडीखालीच अडकून राहिले आणि मोटरसायकल, मागे बांधलेली हत्यारांची पिशवी आणि तो स्वतः असे तिघेही सावकाश, अगदी सावकाश डावीकडे कलंडले.

मागच्या टेम्पोवाल्याने उतरून गाडी उचलायला हात दिला.

"लागलं का हो कुठे?"

"नाही, नाही. रस्त्यावर तेल सांडलंय वाटतं."

टेम्पोवाल्याने खाली पाहिले. रस्ता लख्ख कोरडा होता. पाने-पक्कड गोळा करून त्याने पिशवीत टाकले आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

महिन्यातले हे तिसरे पडणे. पहिल्यांदा पडला तो घराच्या पार्किंगमध्ये, तेव्हा बघायला कुणी नव्हते. दुसऱ्यांदा पेट्रोलपंपावर, तेव्हा खडीला दोष दिला. दर वेळी कारण कसे तयार असायचे, याचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटे.

एकोणतीस वर्षे तो लिफ्ट दुरुस्त करत होता. लोक लिफ्टमध्ये अडकले की कंपनी पहिला फोन त्याला करायची. अकरा वर्षांपूर्वी घेतलेली ही उंच, काळी मोटरसायकल त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. दर रविवारी साखळीला तेल, टाकीला फडके. मेहुण्याने एकदा चक्कर मारायला मागितली तर त्याने त्याला पेट्रोलचे आणि बसचे दोन्ही पैसे देऊ केले, पण किल्ली दिली नाही.

ती आता त्याला पाडत होती. निदान त्याने स्वतःला तसे सांगितले होते. गाडी म्हातारी झाली, गिअर कडक झाला, सीट उंच पडते. गाडी बदलली की झाले.

कारण दुसरे जे होते त्याचे नावही त्याला मनात येऊ द्यायचे नव्हते. त्याचे वडील शिंपी होते. तो एकोणीस वर्षांचा असताना चालता चालता वडिलांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. वडील हसले आणि त्यांनी घट्ट पट्ट्याची चप्पल घेतली. मग तिसरा जोड घेतला. चपलांवर सगळे खापर फोडून झाले तेव्हा शिलाई मशीनचे पायडल थांबले. मग हातातून कात्री गळाली, मग चमचा. शेवटी घोट गिळता येईना. चप्पल पहिल्यांदा निसटल्यापासून ते जाईपर्यंत पुरी चार वर्षेही लागली नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला.

"गाडी बदलावी म्हणतोय."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. दिवसभर उभे राहून आल्यावर ती जेवताना फारसे बोलत नसे. आता तिचा घास हातातच राहिला.

"कोणती गाडी?"

"आपल्याकडे अशा किती आहेत?"

"नाही, परवापर्यंत तिला कुणी बोट लावलं तरी तुम्ही अंगावर धावून जात होता, म्हणून विचारलं."

"उंच पडते आता. कंबर धरते. त्या बुटक्या असतात ना, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायच्या, तसली बघू. नाहीतर मग बिनगिअरची."

"बिनगिअरची? तुम्हीच म्हणायचात, ती चालवायची नसते, तिच्यावर नुसतं बसायचं असतं."

"माणूस म्हातारा झाला की अक्कल येते."

हा विनोद होता. ती हसली नाही. घास खाली ठेवून म्हणाली, "रविवारी जाऊ. मीही येते."

रविवारच्या आधी गुरुवार आला.

एका सहा मजली इमारतीत लिफ्टचे रूळ साफ करायचे काम होते. तो आणि त्याचा जोडीदार लिफ्टच्या टपावर उभे होते. या जोडीदाराला कंपनीत सगळे मामा म्हणत. दोघे बावीस वर्षे एकत्र काम करत होते. बटणांची पेटी मामांच्या हातात होती. बटण दाबून धरले की लिफ्ट हळूहळू सरकते, बोट उचलले की जागच्या जागी थांबते. पाचव्या मजल्याच्या उघड्या दारासमोर टप आला तेव्हा तेलाचा डबा आणायला तो उजव्या पायाने पलीकडे उतरला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "घ्या खाली."

मामांनी बटण दाबले.

डावा पाय टपावरच होता. तो उचलला आहे, पलीकडे आला आहे, फरशीवर टेकला आहे, असे त्याला अगदी खरे वाटले होते. लिफ्ट खाली जाऊ लागली तेव्हा त्याला कळले की आपला एक पाय आपल्यापासून दूर चालला आहे. मध्ये फट होती आणि फटीखाली पाच मजल्यांचा काळोख. मामांनी वर पाहिले, बोट उचलले आणि हातातली पेटी टाकून त्याची मांडी दोन्ही हातांनी वर ढकलली. तो मजल्यावर पालथा पडला. लिफ्ट वीतभरच खाली गेली होती.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते टपावरून वर आले, दार लावून घेतले आणि त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसले.

"मिस्त्री, तुम्हीच म्हणालात ना, घ्या खाली?"

"मीच म्हणालो."

"मग?"

"मला वाटलं मी पाय उचलला."

मामांनी त्याच्या बुटाकडे पाहिले. डाव्या बुटाचे टोक घासून पांढरे झाले होते. उजवे जसेच्या तसे होते.

"ऑफिसात सांगू का?"

"नको."

"बरं," मामा म्हणाले. "पण बटण माझ्या हातात होतं, मिस्त्री. तुम्हाला काही झालं असतं तर ते मी केलेलं असतं. तेवढं लक्षात असू द्या."

रविवारी दोघे गाड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्याची मोटरसायकल पारखायला म्हणून एक फेरी मारून आणली. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला मिठ्ठास माणूस होता. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तेव्हा तो स्वतः दुकानाच्या दारात उभा राहून देवाकडे मागावे तसे मनातल्या मनात मागत होता, की हा येऊन म्हणू दे, गिअर फार कडक आहे.

"काय ठेवलीय हो गाडी," दुकानदार उतरता उतरता म्हणाला. "अकरा वर्षांची आहे हे सांगूनही खरं वाटणार नाही. गिअर तर लोण्यासारखा पडतो. कशाला विकताय?"

बायको आतल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते ऐकले होते.

मग दुकानदाराने ती बुटकी गाडी दाखवली. रुंद सीट, मागे झुकलेले हँडल, पाय ठेवायची जागा लांब पुढे. तो बसला आणि दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकले. एक क्षण त्याला खरोखर बरे वाटले. हिच्यावरून माणूस पडणारच नाही.

"राजासारखं बसायचं. आता जरा गिअर टाकून बघा. पहिला खाली, मग बाकीचे वर."

पहिला पडला. दुसऱ्यासाठी त्याने पंजा दांडीखाली घातला आणि उचलला. दांडी हलली नाही. त्याने पुन्हा उचलला. या वेळी खाली वाकून बुटाकडे बघत उचलला. सगळा जोर तो लावत होता, कपाळावर घाम आला होता, आणि बूट मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा दांडीखाली स्वस्थ पडून होता.

"उचला, उचला, साहेब. अजून जरासा."

त्याने गुडघ्याजवळ पँट चिमटीत धरली आणि हाताने पाय वर ओढला. खट्ट करून गिअर पडला.

दुकानदार बघत होता. मग त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि उगाच आरसा पुसायला लागला. "नव्या गाडीचा गिअर कडक असतोच," तो हळू आवाजात म्हणाला.

बायको उठून आली. "आम्हाला जरा पाच मिनिटं द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

दुकानाबाहेर पायरी होती. तिथे दोघे बसले.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"जिना चढताना तुमचा डावा पाय आपटतो. आधी तुमचं पाऊल कधी वाजायचं नाही. दार उघडल्यावरच कळायचं तुम्ही आलात ते. दोन महिने झाले, मी स्वयंपाकघरातून मजले मोजते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, मी विचारलं की ते खरं होईल."

समोरून गाड्या जात होत्या.

"बाबांची चप्पल अशीच..."

"माहितीये. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलंत तुम्ही."

"बिनगिअरची घेतली तर अजून वर्षभर कुणाला कळायचं नाही."

"आणि लिफ्ट? लिफ्ट मिळते का बिनगिअरची?" ती म्हणाली. त्याने चमकून पाहिले. "मामांचा फोन आला होता शुक्रवारी. रडत होते ते."

घोट गिळता येतो का, हे त्याने गिळून पाहिले. आला. हे असे तो हल्ली दिवसातून पन्नास वेळा करत होता.

"मला भीती वाटते गं."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने कधी उच्चारले नव्हते. बायको काही होणार नाही असे म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती तसे म्हणाली नाही.

"मलाही," ती म्हणाली.

सोमवारी तो ऑफिसात गेला आणि साहेबांना सगळे सांगितले. साहेबांनी त्याला टपावरच्या कामावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवले. मंगळवारी डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, सुई टोचून पाहिली, टाचांवर चालायला लावले. चार पावलेही जमली नाहीत.

"कामात उकिडवं बसावं लागतं का?" त्यांनी विचारले.

"एकोणतीस वर्षं तेच करतोय."

"मग गुडघ्याजवळची शीर दबलेली असू शकते. तसं असेल तर बरं होतं. पण वडिलांचं सांगताय, तेही बघायला हवं. पुढच्या बुधवारी करंट देऊन तपासणी करू."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तपासणीआधी मी बोलणार नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आता गाडीची घाई नको. शीरच असली तर?"

तो दोन दिवस विचार करत होता. गाडी ठेवली तर देवावर विश्वास ठेवल्यासारखे होईल, विकली तर त्या दुसऱ्या गोष्टीला आपणच घरात बोलावल्यासारखे होईल, असे त्याला वाटे. खिडकीतून गाडी दिसायची. शुक्रवारी सकाळी ती बघता बघता त्याच्या मनात आले, की चौथ्यांदा पडू तेव्हा मागे बायको असेल, किंवा डावीकडे रस्ता ओलांडणारे एखादे पोर असेल. आणि तेव्हा शीर होती की दुसरे काही, हे कुणी विचारणार नाही.

त्याने मामांना बोलावून घेतले. मामांनी मोटरसायकल दुकानापर्यंत चालवत नेली, तो मागून बसने गेला.

बायकोला औषधांच्या दुकानातल्या मैत्रिणीची स्कूटर चालवत बँकेत जायची सवय होती, लायसन्सही होते. मोटरसायकल देऊन त्याने बिनगिअरची स्कूटर घेतली आणि कागदांवर तिचे नाव घातले. दुकानदाराने एकदाही का म्हणून विचारले नाही. मोटरसायकलची किल्ली देताना मात्र त्याचा स्वतःचाच हात रेंगाळला.

"जो कुणी घेईल त्याला सांगा," तो म्हणाला, "थंडीत लगेच पळवायची नाही. दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. आणि साखळीला रविवारी तेल."

"सांगतो," दुकानदार म्हणाला आणि खरोखरच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.

बुधवारी सकाळी तपासणीची वेळ नऊची होती. बायकोने स्कूटर फाटकाबाहेर आणून उभी केली, हेल्मेटचा पट्टा लावला आणि वाट बघत थांबली. तो मागे बसला. डावा पाय त्याने हातांनी उचलून पायदानावर ठेवला. ती आरशातून बघत होती, पण मदतीला वळली नाही.

"बसलात?"

"बसलो."

"धरा."

"कुठे?"

"कुठेही धरा. पण धरा."

आयुष्यात तो कुणाच्या मागे बसला नव्हता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. एक हात त्याने सीटच्या कडेला धरला, मग सोडला, आणि तिच्या खांद्यावर ठेवला. खांदा ताठ होता. तीही घाबरली आहे, हे त्याला हाताखाली कळले.

तिने ब्रेक सोडला. हिसका न देता गाडी निघाली. डॉक्टरांच्या कागदांची फाइल दोघांच्या मध्ये होती, वाऱ्याने ती एका बाजूला सरकायला लागली. ती पडू नये म्हणून तो थोडा पुढे सरकून बसला.