मासे न धरणारी जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे, पण जन्मात एकही मासा धरलेला नाही. माझं कापड मलमलीहून बारीक आणि शेपटाला एक बाटली. समुद्रात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव तरंगतात, त्यांना प्लवक म्हणतात. छोटे मासे प्लवकांवर जगतात, मोठे मासे छोट्यांवर, आणि आमच्या ग्रीनलंडमधल्या गावाची चूल मोठ्या माशांवर. ते प्लवक गोळा करणं हे माझं काम.

मला इनालुकने आणलं. शिकून ती गावी परतली, तेव्हा तिला होडी मिळाली मासेमार उयूतची. इनालुकला उयूतच्या वारलेल्या आईचं नाव ठेवलेलं. आमच्याकडे नावासोबत नातंही येतं. म्हणून पांढऱ्या केसांचा उयूत त्या तरण्या पोरीला "आई" म्हणायचा, आणि ती त्याला खुशाल "पोरा". माझं कौतुक मात्र कुणाला नव्हतं. "आई, तुझ्या ह्या चाळणीत जेवण कधी यायचं गं?" असं तो विचारायचा. एका हिवाळ्यात मी बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पट्ट्यांखाली पडून फाटले. उयूतच्या बायकोने मला कातडी बुटांच्या टाक्याने शिवलं. तो टाका मी अजून मिरवते.

एका उन्हाळ्यात उयूत काळजीत पडला. खाडीच्या उत्तर फाट्यात, त्याच्या आईने लहानपणी दाखवलेल्या जागी, गळाला मासा लागेना. तिथली हिमनदी मागे सरकून जमिनीवर गेली होती. घरातले सुके मासेही संपत आले होते. तरी तो जागा सोडेना.

इनालुकने मला तिथे सोडलं. मी वर आले ती जड होऊन. उयूत हरखला. "बघ, भरली की."

तिने बाटलीतलं बोटांवर चोळलं. "ही हिमनदीने घासलेल्या दगडाची भुकटी आहे, पोरा. बर्फाचं पाणी आता नदीतून येतं आणि वरच गढूळ पसरतं. खाली ऊन पोचत नाही, प्लवक वाढणार कसे?"

मग आम्ही दक्षिण फाट्यात गेलो. तिथली हिमनदी अजून समुद्रात पाय रोवून उभी आहे. तिचं पाणी तळाशी सुटतं आणि वर येताना खोलातलं खत ओढून आणतं. जरा लांब, पाणी निवळतं तिथे मला सोडलं. या वेळी बाटली हिरवट तपकिरी झाली, आणि तिच्यात प्लवकांचे लाल ठिपके उड्या मारत होते. उयूतने निरखून पाहिलं, पण मान हलवली.

"आईची जागा ती आईची जागा."

इनालुक त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मी कोण तुझी?"

"आई."

"मग ऐक. मी माझी जागा बदलली. आजपासून ही."

उयूत हसला, त्याने डोळे पुसले आणि तिथेच गळ सोडले. त्या दिवशी घरात ताजा मासा शिजला.

आता मी त्याच घरात खिळ्यावर सुखात आहे. मित्रांनो, माझ्यासारखीला काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, फाटली तर शिवा, आणि रिकामी आली तरी नावं ठेवू नका. हल्ली मला धुण्याचं काम उयूतच करतो, आणि कुणी चाळणी म्हटलं तर त्याला खपत नाही.