भैयाजींचे उरलेले शब्द

“टी,” भैयाजी म्हणाले.

मी चहा ठेवला. आलं ठेचून, साखर कमी घालून आणला, तर त्यांनी डाव्या हातानं कप असा ढकलला की सगळा चहा माझ्या पदरावर. उजवा हात लकव्यानं गेला, पण डाव्यात अजून भलताच जोर आहे.

“मागता बी तुम्हीच, ढकलता बी तुम्हीच! मी करू तरी काय?”

“टी,” ते पुन्हा म्हणाले आणि फाटकाकडे बघत बसले.

हुडकेश्वरात घराच्या पुढच्याच खोलीत आमचं नळफिटिंगच्या सामानाचं दुकान आहे. प्लास्टिकचे पाइप आणि त्यांचे नाना तऱ्हेचे जोड. भैयाजी म्हणजे माझे यजमान; सगळी वस्ती त्यांना भैयाजीच म्हणते. सारी उमर त्यांनी त्या गल्ल्यावर काढली. होळीनंतर लकवा मारला आणि वाचाच बसली. पुढे हळूहळू शब्द परत आले, पण कुठले? भाकर नाही, पाणी नाही, देवाचं नावही नाही. आली ती दुकानातल्या जोडांची नावं, एल्बो, टी, सॉकेट, निप्पल! माझ्या नणंदबाई यमुताई विचारपूस करायला आल्या, तर त्यांच्याकडे बघून स्पष्ट “निप्पल” म्हणाले. तो पाइपाचा तुकडा असतो हो, असं मी समजावेपर्यंत यमुताई चपला घालून फाटकाबाहेर.

डॉक्टर म्हणाले होते, शब्द तोंडात येतील, पण त्यांना अर्थ असेलच असं नाही. आमची लेक गुंजन तेच धरून बसली. ती बुटीबोरीला कंपनीत आहे, संध्याकाळी कंपनीच्या बसनं येते.

“आई, बाबाले काही समजत नाही वं. तू त्याइले दुकानात बसवतं अन् लोक हसतात. देऊन टाकू दुकान. माल घेणारा आहे एक.”

“काहून? मी आहो ना गल्ल्यावर.”

“तुले त्यातलं काय समजते?”

झोंबलं मला. पण खोटं काय होतं त्यात? भैयाजी गल्ल्यावर बसायचे तेव्हा मी दुकानात फक्त झाडू मारायला जायची. तरी मला दुकानापेक्षा दुसरीच खुटखुट लागली होती. हा माणूस आत आहे की नाही? नसेल तर विका खुशाल. पण असला, आतून आम्हाला हाका मारत असला आणि आम्ही बाहेर बसून ‘काहीही बोलतात’ म्हणत असलो, तर?

पहिल्यांदा उलगडला तो एल्बो. “एल्बो, एल्बो” म्हणून विव्हळायचे. गुंजन म्हणाली, एल्बो म्हणजे इंग्रजीत कोपर. मग काय, आठवडाभर मी त्यांच्या कोपराला तिळाचं तेल चोळलं. ते आठ्या घालून चोळून घेत राहिले. एका दुपारी दुकानातली धूळ पुसताना एल्बो हातात आला. सरळ आलेला पाइप तिथे वळतो. मी तशीच आत गेले आणि त्यांना कुशीवर वळवलं. त्यांनी डोळे मिटून असा सुस्कारा टाकला की मला रडूच फुटलं. बाई गं, माणूस कूस बदलायला सांगत होता आणि मी तेल चोळत होते!

तेव्हापासून छंदच लागला. रिकामी झाले की दुकानात जाऊन एकेक जोड उलटसुलट करून बघायचा. टी हातात घेतला. एक पाइप सरळ जातो आणि मधातून त्याला फाटा फुटतो. हे टी म्हणतात कधी? गुंजनच्या बसच्या वेळेला. बघतात कुठे? फाटकाकडे. आम्हा दोघांना फुटलेला फाटा एकच, गुंजन. हे मी तिला सांगितलं तर हसायलाच लागली.

“तू काहीही जुळवतं, आई.”

क्लॅम्पनं मात्र माझी मती गुंग केली. पाइपाला भिंतीशी धरून ठेवणारी ती प्लास्टिकची पकड. दिवसातून कितीदा तरी ओरडायचे, “क्लॅम्प!” दुकानातून आणून हातात दिला, फेकला. मोठा दिला, तोही फेकला. कुठे काही आवळत असेल म्हणून पायजम्याची नाडीसुद्धा सैल करून पाहिली. नाही म्हणजे नाही.

मे महिन्यात त्यांच्यासाठी मागल्या अंगणात न्हाणीघर बांधलं. गिझर स्वयंपाकघरात, म्हणून गरम पाण्याची लाइन अंगणाच्या भिंतीवरून न्यायची होती. आमचा नेहमीचा प्लंबर दुर्गेश रविवारी आला. सामान मीच काढून दिलं. थंड पाण्याचा पांढरा पाइप बाजूला ठेवला, गरम पाण्याचा पिवळसर घेतला, जोडही त्याच जातीचे.

“काकू, तुम्ही तं शिकून राहिल्या!” दुर्गेश म्हणाला.

भैयाजींची खुर्ची मी दाराच्या सावलीत ठेवली होती. दुर्गेशनं पाइप कापले, सोल्युशन लावून जोड बसवले, गरम पाणी सोडून पाहिलं. कुठे थेंब नाही. तो सामान आवरायला लागला.

“क्लॅम्प!”

मी धावले. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. चेहरा लालबुंद, बोट भिंतीकडे.

“लावले ना भैयाजी, दोन्ही टोकाले,” दुर्गेश हसला. “भिंत काय पळून राहिली?”

“क्लॅम्प.” बोट थोडं पुढे सरकलं. “क्लॅम्प.” आणखी पुढे. “क्लॅम्प.”

दुर्गेशचं हसू गेलं. त्यानं पाइपाखाली तळहात धरून पाहिला.

“बरोबर आहे त्याइचं. वरतून ऊन, अंदर गरम पाणी. मधात लोंबून राहिला हा. पुढे जोडच उखडला असता.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही दाखवलं तिथंच लावतो, भैयाजी.”

गुंजन दारात उभी राहून सगळं बघत होती. दुर्गेश भिंतीला भोक पाडायला लागला तशी ती येऊन खुर्चीपाशी उकिडवी बसली.

“बाबा, मी कोण?”

“टी.”

तिनं ओठ दाताखाली धरला. मग माझ्याकडे बोट केलं. “अन् ही?”

लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘ऐकून राहिली का वं’, हेच माझं नाव. माझं प्रेमलता हे नाव त्यांना ठाऊक तरी आहे का, अशी मला कधीकधी शंका यायची. म्हणून मी काही आशा न ठेवता खाली पडलेले पाइपाचे तुकडे वेचत राहिले.

“क्लॅम्प,” ते म्हणाले. हळूच, अगदी रोजचं असल्यासारखं.

मी तुकडे वेचायचे सोडून उठले.

“वा!” मी म्हटलं. “जनमभर नाव घेतलं नाही, अन् आता ठेवलं तं हे!”

मी भिंतीकडे पाहिलं. पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ झाला होता. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

माल घेणाऱ्या माणसाचं नाव गुंजननं त्यानंतर काढलं नाही. बसमधून उतरली की आता ती फाटकातूनच ओरडते, “टी आली, बाबा!”

परवा दुकानात नवीन गिऱ्हाईक होतं. पलीकडच्या लेआउटमध्ये घर बांधतोय बिचारा. मी त्याला एल्बो काढून देत होते, तेवढ्यात आतून हाक आली, “क्लॅम्प!”

“काकू, अंदर कोणी क्लॅम्प मागून राहिलं,” तो म्हणाला. “पहिले त्याइले द्या, मी थांबतो.”

मी पदराला हात पुसले.

“सामान नाही मागत, भाऊ. मले बोलावून राहिले ते.”