भोकाच्या कडेवरची शाई

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काठाला एक टवका उडालेला. ज्या कारागिराने माझी काच घासली, तो मला खिडकीशी धरून आपल्याच अंगठ्याच्या रेषा बघत बसला. तेव्हापासून मला जवळून बघायची खोड लागली.

पुढे मी जुन्या हस्तलिखितांच्या एका अभ्यासकाकडे आले. सगळे त्यांना सर म्हणत. येशूच्या सुरुवातीच्या अनुयायांपैकी एकाने तुरुंगातून बहिणीला ग्रीक भाषेत लिहिलेले एक पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचले. सरांनी ते अस्सल ठरवले, त्यावर पुस्तक लिहिले, नाव कमावले. पुस्तकातल्या छायाचित्रात मीही त्यांच्या हातात आहे. मग सर निवृत्त झाले आणि मी सुकलेल्या पेनांच्या संगतीत ड्रॉवरमध्ये पडले. फार वाईट वाटायचे.

एका सकाळी त्यांच्या लेकीने मला बाहेर काढून पुसले. वडिलांचे काम आता ती करत होती. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्याआधी पत्र पुन्हा तपासायचे ठरले होते. सरही शेजारी खुर्ची ओढून बसले.

पत्र दोन काचांमध्ये बंद होते. पान चुरेल या धास्तीने सरांनी ती चौकट कधी उघडलीच नव्हती. लेकीने दुपारभर खपून ती उघडली. मला तर धीर निघेना. पानाला किड्याने पाडलेले एक भोक होते. मी त्यावर झुकले आणि पाहते तर काय, शाई भोकाच्या कडेवरून आत उतरलेली. म्हणजे भोक आधीचे, अक्षरे नंतरची; जुन्या, किडलेल्या पानावर कुणीतरी मागाहून लिहिलेली.

लेकीने मला वडिलांपुढे धरले.

"बाबा, तुम्हीच बघा."

सरांनी बराच वेळ पाहिले.

"मी तेव्हाच उघडायला हवं होतं," ते म्हणाले.

आठवड्याने प्रयोगशाळेनेही कळवले, शाई शंभर वर्षांचीसुद्धा नव्हती. पान तेवढे खरेच प्राचीन होते. लेकीने अहवालात वडिलांचे नाव टाळले, ते सरांनी स्वतःच्या हाताने घातले: चूक माझी. माझ्या काचेमागे त्यांचा डोळा भरून आला. मग नाक पुसून त्यांनी मला पुन्हा उचलले.

"लबाडाचं ग्रीक मात्र सुरेख आहे. कोण असेल गं हा?"

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, ओरखड्यांपासून सांभाळा. पण सरांनी ते पत्र इतके जपले की नीट बघितलेच नाही. म्हणून सांगते, जे तुम्हाला सर्वांत प्रिय असेल, त्यावर मला आधी धरा.