पाठमोरा

कमलबाईने नवऱ्याला मारणाऱ्याची पाठ पाहिली होती, तोंड नाही. साक्रीजवळच्या मळ्यात, विहिरीपाशी रुपचंद रक्ताच्या थारोळ्यात पडला होता आणि निळ्या सदऱ्यातला एक जण मक्यातून पळत होता. चारच दिवसांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या मळ्यातल्या नवलने रुपचंदला जिवे मारायची धमकी दिली होती. तोच तो, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

दोन वर्षांनी धुळ्याच्या कोर्टात तिची साक्ष होती. धाकट्या दिराने, भूपेंद्रने, तिला जिन्यातच गाठलं. "वहिनी, तोंड देखं, इतलंच सांगा."

आरोपीच्या पिंजऱ्यात नवल मान खाली घालून उभा होता. कुणाला पाहिलंस, असं सरकारी वकिलांनी विचारलं. एका शब्दाने तो जन्मभर आत गेला असता. पण शब्द खोटा असता, आणि शपथ तिने रुपचंदच्या नावाने मनातल्या मनात आधीच घेतली होती.

"पाठ देखी," ती म्हणाली. "मनं मन सांगस, तोच शे. पण तोंड मी देखं नही."

दुसरा पुरावा टिकला नाही. महिन्याभरात नवल सुटला.

तोवर भूपेंद्र तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, नवलला संपवायला त्याने कोयता उचलला. कमलबाई मागच्या वाटेने धावली आणि त्याच्या आधी नवलच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. नवलची बायको मंदाबाई पाणी घेऊन आली. कमलबाईने तांब्याला हात लावला नाही.

भूपेंद्र आला. पाठोपाठ गल्ली जमली.

"उठा वहिनी. कोर्टनी सोडं, मी सोडसू का?"

"तुले तोंड दिसनं व्हतं का?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

ती जागची हलली नाही. शेवटी कोयता खाली करून तो मागे वळला.

आतून नवल बाहेर आला आणि तिच्या पायांशी वाकला. तिने पाय मागे घेतले. "तुनाकरता नही बसनी मी," एवढंच म्हणून ती घरी गेली.

उन्हाळ्यात नवलने जमीन विकली आणि बायकोला घेऊन शिंदखेड्याकडे निघून गेला. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. भूपेंद्र तिच्याशी बोलू लागला तो थेट पोळ्यानंतर, आणि तेही बैलांच्या चाऱ्यापुरतं.