फक्त तुलेच सांगस

"पण आबा, कागद कुठंय?"

गाडीला दहा मिनिटं होती. अमळनेरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्रज्ञाला बापाशी भांडायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

पितांबर आबा हॉल्टच्या खिडकीत बसून तिकिटं विकायचे. टेसन म्हणजे काय, तर ती एवढीशी खोली, एक निंब, सिमेंटचं बाक आणि चारी बाजूंना कपाशीची काळी रानं. अशा जागी गाडी थांबतेच कशी, असं कुणी विचारलं की आबा तिकीट बाजूला ठेवून गोष्ट लावायचे.

"कागदले वाळवी लागस, पोरी. मना तोंडले कधी लागनी?"

"तोंडचं चालत नाही. पुरावा लागतो."

"मंग तुले सांगूच नको का?"

"नंतर, आबा." तिनं पेपरांचा गठ्ठा सावरला. गाडी आली. ती चढली तसे आबा खिडकीतून ओरडले, "भरीतना डबा आडवा धरू नको वं, तेल गळी!" गाडीचा अख्खा डबा हसला. प्रज्ञानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या खोलीचं कुलूप उघडता उघडता आबांच्या छातीत कळ आली, आणि ते गेले.

तेराव्यानंतर प्रज्ञा पहिल्यांदा गाडीला आली. खिडकी बंद. बाकावर शेजारची पार्वताबाई, गाद्या भरणारे नासीरचाचा, आणि तोताराम नाना. नानांची नवी सून पुनम उभी होती. तिनंच विचारलं, "मामाजी, आठे गाडी का बरं थांबस?"

"मी सांगस ना," पार्वताबाई सरसावली. "गोरी मडम चालनी व्हती. मनी आजलसासूना भरीतना वास वना, तिनी साखळीच वढी!"

"वांगाना वासवर गाडी थांबस का, अक्का?" नाना खेकसले. "इंजिननं पानी सरनं व्हतं. मना आजानी मोटनं पाजं."

"तुना आजा! मोट हाकता हाकता झोपी जाये तो!"

"अरे, दोनों चूप बैठो," नासीरचाचा म्हणाले. "पटरीपे बैल अडके थे. मेरे दादाने हटाये. पितांबरभाऊ खुद बोला, चाचा, असल बात फक्त तुमकूच बताता, किसकू बोलना नहीं."

पार्वताबाईचा आ वासला. "मले बी हाईच सांगं! अक्का, फक्त तुलेच सांगस, म्हने!"

"आनि मले बी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नाना असे हसले की निंबावरचे कावळे उडाले. "लबाड रे, पितांबर! सगळास्ना आजासले कामले लायं!"

हसता हसता पार्वताबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती प्रज्ञाकडे वळली. "आनि तुले, माय? तू तं घरनी पोर. तुले कोनती सांगी?"

गावात ज्याला त्याला आपली एक गोष्ट मिळाली होती. प्रज्ञाला नाही. तिनं कागद मागितला होता.

दूर भोंगा वाजला. सगळे गाठोडी उचलू लागले. प्रज्ञा मात्र खिडकीशी गेली. बंद फळीवर तिनं तळहात टेकला, आणि सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली,

"मले बी सांगा ना, आबा. मी आयकस."