चाळीस दिवसांचा उंबरा

गच्चीवर उन्हात फुगायला ठेवलेले पिठाचे गोळे उलटवता उलटवता रतीबाचा हात डाव्या छातीशी थांबला. सातवा महिना चालू होता. खजुराच्या बीएवढी, कडक गाठ. दाबली तरी दुखेना.

"अम्मा, हे काय लागतंय, बघा जरा."

हज करून आलेल्या सासूने, हज्जा तफीदाने, पिठाच्या हातानेच चाचपलं. सासू वाईट नव्हती हो! सुनेच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढणारी, कुठेही सुरेल प्रवचन असलं की पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसणारी बाई.

"दुधाची गाठ गं. बाळ ओढेल तशी विरेल. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला अशा तीन होत्या."

"पण दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून तोंड पाडणारी तूच पहिली!"

दोघी हसल्या. गोळे छान फुगले होते.

मुलगी झाली. उजवीकडे चटाचटा पिणारी ती पोर डावीकडे घेतली की तोंड फिरवून रडे. गाठ आता लिंबाएवढी झाली होती.

आठव्या दिवशी सरकारी दवाखान्यातली नर्स विदाद बाळाला बघायला आली. गुरुवारच्या बाजारातून परस्पर आलेली, हातात पिशवी तशीच. तिने गाठ चाचपली आणि तिचा चेहरा उतरला.

"अम्मा, ही दुधाची नाही. उद्याच जिल्ह्याच्या इस्पितळात न्या. सुई टाकून तपासतील."

"चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. तुला कुणी शिकवलं नाही का?"

"पण ते दुखणं असलं, तर..."

"घरात बाळ आहे! विषयसुद्धा काढू नकोस!"

त्या गावात कर्करोगाचं नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की तो दार ओळखतो, अशी समजूत. म्हणून 'ते दुखणं' एवढंच म्हणायचं, तेही हलक्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी रतीबाला ताप भरला, दूध कमी झालं आणि तफीदाला ती पिशवी आठवली.

"कच्चं मांस होतं तिच्यात! बाळंतिणीच्या खोलीत कच्चं मांस! तिनेच माझ्या सुनेचं दूध बांधलं!"

चाळीस दिवसांच्या आत कच्चं मांस किंवा नुकती हजामत केलेला पुरुष आत आला की दूध आटतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रतीबाचा नवरा अब्दुस्सबूर तर दाढी वाढवून हिंडत होता. विदादला दार बंद झालं.

ती चारदा आली. खिडकीखालून हाका मारायची, "अम्मा, हात रिकामे आहेत माझे! हवी तर झडती घ्या!"

"हात रिकामे, पण नजर रिकामी आहे का तुझी?" आतून उत्तर यायचं.

आत लाकडी कंगवा गरम करून गाठीवरून फिरवला जात होता. रतीबा दात आवळून विचारी, "आज कितवा दिवस?"

"सव्विसावा," अब्दुस्सबूर दाराबाहेरूनच म्हणाला. "चौदाच तर राहिलेत. कळ काढ."

"मी काढीन हो. ही गाठ काढील का?"

त्याने कडीला हात लावला. दार मात्र उघडलं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी उंबरा ओलांडला. जिल्ह्याच्या इस्पितळात तपासणीचा कागद आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो वाचून खाली ठेवला.

"कधीपासून होती?"

"सातव्या महिन्यापासून."

"तेव्हाच यायचं होतं. बाळाला धक्का न लावता तपासता येतं, पोटुशी असतानाही औषध देता येतं. आता पसरलाय."

"पण ती अंगावर पाजतेय!" तफीदा म्हणाली. "पाजणारीला ते दुखणं होत नाही."

"होतं, हज्जा. उलट दूध असलं की गाठ लपते."

खजूर उतरवायच्या दिवसांपर्यंत रतीबा जगली. केस गेले, तेव्हा डोक्याला फडकं बांधून ती त्याच उंबऱ्यावर बसू लागली. पोटुशी बाई दिसली की हाक मारायची, "ये, हात लाव. लाजू नकोस. दुधाची गाठ थोड्या दिवसांत विरते. ही विरली नाही."

"आत चल गं," तफीदा रडकुंडीला येई. "लोक बघतात."

"अम्मा, लपवून माझं काय वाचलं?"

ती गेली. मृत्यूचेही चाळीस दिवस असतात. चाळिसाव्याला अंगणात प्रवचन ठेवलं होतं. अंगभर जखमा होऊनही धीर न सोडणाऱ्या अय्यूब पैगंबराच्या पीडेची कथा गवई गात होता. 'सबर, सबर, धीर धर' म्हणत बाया हुंदके देत होत्या. मग त्याने वरचा सूर लावला: अय्यूबने जखम झाकली नाही हो, 'मला पीडा झाली' म्हणून आपल्या मालकाला, अल्लाला हाक मारली!

तफीदाचे डोळे एकाएकी कोरडे झाले. आयुष्यभर तिने ही कथा ऐकली होती. तिला फक्त सबर ऐकू आला होता, हाक कधीच ऐकू आली नव्हती.

विदाद अंगणाच्या दाराबाहेर उभी होती. गुरुवारच होता, हातात पिशवी.

"विदाद, आत ये," तफीदा उठून म्हणाली. "पिशवीसकट ये."

बाया चपापल्या. गवई थांबला.

"माझ्या सुनेला कर्करोग झाला होता. कर्करोग! घेतलं नाव. कोसळलं का छप्पर? नाव घेतलं नाही, तेव्हा माझं माणूस गेलं. आणि ही पोरगी खिडकीखाली ओरडत होती."

बाळंतपणाला माहेरी आलेली तफीदाची लेक नव्वारा आठवा महिना सांभाळत भिंतीशी टेकली होती. तफीदाने तिचा हात धरून तिला विदादपुढे उभं केलं.

"आधी हिला तपास."

"अगं अम्मा, सगळ्यांसमोर काय हे! मला कुठे काय दुखतंय?"

"तिलाही दुखत नव्हतं," तफीदा म्हणाली आणि आतल्या खोलीचं दार तिने स्वतःच्या हाताने उघडलं.