तुर्फान खाली असतं

ऑकलंडच्या हिल्सबरोत येऊन सात महिने झाले, तरी अनुष्काने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरात तिची टकळी थांबायची नाही, पण शाळेचं फाटक ओलांडलं की मिठाची गुळणी. डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, चॉकलेट हवं असलं तरी ती आईचा कुर्ता ओढायची आणि मग इरावतीच बोलायची. लेकीच्या वाटचं बोलून बोलून इरावतीचं इंग्रजी मात्र झकास सुधारलं होतं.

अशात वर्गात वाळवंटातल्या शहरांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि अनुष्काच्या वाट्याला चीनमधलं तुर्फान आलं. सोमवारी मॉडेल न्यायचं आणि पाच मिनिटं बोलायचं.

"बोलशील ना गं?"

"बघू," अनुष्का म्हणाली.

आजवर या प्रश्नाला कायम 'नाही' मिळालं होतं. इरावतीने ते 'बघू' काचेच्या भांड्यासारखं जपलं.

रविवारी अनुष्काच्या बाबाने, श्रीनाथने, कामाचा ताबा घेतला. तो लहानपणी एरंडवण्यात सोसायटीच्या दिवाळी किल्ला स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिला आलेला गडी. अवोन्डेलच्या बाजारातून बटाट्याचं रिकामं पोतं आणलं, गॅरेजमध्ये विटा रचल्या, चिखल थापला. दुपारपर्यंत फूटभर उंच डोंगर तयार. माथ्यावर शहर, शहराला तीन बुरुज, वर जायला नागमोडी वाट. इरावतीने मेथीच्या काड्या खोचून द्राक्षमळेही लावून टाकले.

अनुष्का लायब्ररीचं पुस्तक मांडीवर घेऊन बघत होती. "बाबा, पाणी कुठून येणार?"

"वरून ओतू की."

"वर तर तू शहर ठेवलंयस."

श्रीनाथने पाण्याचा जग उपडा केला. पाणी चारही बाजूंनी धावलं आणि जाताना दोन बुरुज व सगळे द्राक्षमळे घेऊन गेलं.

"तुर्फान खाली असतं," अनुष्का शांतपणे म्हणाली. "खळग्यात. जवळचं तळं तर समुद्रापेक्षाही खाली आहे."

"अगं, पण शत्रू आला म्हणजे?"

"त्याला पण तहान लागेल ना, बाबा. खालीच येईल."

इरावतीला हसू आवरेना. "बरं बाईसाहेब, तुम्ही सांगा, आम्ही करतो."

मग बाईसाहेब सुटल्या. उत्तरेला तिएनशान पर्वत. त्याचं बर्फ वितळतं, पण ते पाणी उघड्यावरून आणलं तर ऊनच पिऊन टाकेल. म्हणून लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीखालून बोगदे खणले, त्यांना कारेझ म्हणायचं. मधेमधे विहिरी. पंप नाही, नुसता उतार. त्या पाण्यावर द्राक्षं, आणि ती भोकाभोकांच्या भिंतींच्या खोल्यांत टांगली की गरम वाऱ्याने बेदाणे. रेशमाचे व्यापारी उंट घेऊन तिथे थांबायचे. डोंगरात बुद्धांची लेणी, आत भिंतींवर चित्रं.

"अजिंठ्यासारखी?"

"हो. आणि नंतर मशिदी पण आल्या. उइगुर लोक अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली बसून जेवतात, गातात. बाबा, बोगद्याचा पाइप एवढा उभा नको. पाणी पळेल."

श्रीनाथने निमूटपणे पाइप आडवा केला. उरलेला बुरुज पाडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सोमवारी मॉडेल जड म्हणून इरावती सोबत गेली. बावीस मुलं गोल करून बसली. "किया ओरा, अनुष्का," टीचरनी माओरीत नमस्कार केला. अनुष्का उभी राहिली आणि आईकडे बघत राहिली. ओठ घट्ट.

"मम्मी थोडी मदत करेल का?" टीचरनी विचारलं.

पहिलं वाक्य इरावतीच्या जिभेच्या टोकावर होतं. ते तिने गिळलं आणि मान हलवली. नाही. नंतर पाण्याचा जग तेवढा लेकीच्या हातात दिला.

अनुष्काने न बोलता पाणी ओतलं. पाणी डोंगरात शिरलं आणि शहरात काही येईना. कोणीतरी फिसकन हसलं. तांबड्या केसांची एक मुलगी पुढे सरकली आणि तिने एका विहिरीत बोट घातलं.

"नॉट दॅट वन," अनुष्का म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"दॅट्स द थर्ड. फर्स्टमध्ये बघ. लुक इन द फर्स्ट वन. देअर इज मड."

मुलीने पेन्सिलीने चिखलाचा गोळा काढला. दोघींची डोकी डोंगरावर भिडली.

"आता थांब. वेट. इट इज स्लो. इट गोज अंडर, बिकॉज द सन विल ड्रिंक इट."

खालच्या शहरातल्या ताटलीत पाणी चमकलं आणि मुलं गुडघ्यांवर उठली. तिथे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून उतरता येतं का? अंधारात बोगदे खणायला भीती नाही वाटत? अनुष्का प्रत्येकाला उत्तर देत होती, अडलं की मराठीत, आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

"एक्स्क्यूज मी," मागून एक मुलगा इरावतीला म्हणाला, "आय कान्ट सी."

इरावती बाजूला झाली. आणखी थोडी झाली, आणि मग पर्स उचलून दाराबाहेरच गेली. कॉरिडॉरमध्ये ती जरा वेळ थांबली. आत तिची लेक कोणाशी तरी बेदाण्यांवरून हुज्जत घालत होती.